नवी गाणी दर शुक्रवारी येतात, पुरवणीत मात्र दिसत नाहीत

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘सिनेमा सोडला तर मराठीत नवं गाणं होतं कुठे?’ असा सूर वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून निघतो आणि रविवारच्या पुरवणीतलं संगीताचं पानही तो खराच धरून चालतं. पानावर चित्रपटांची गाणी असतात, रिअॅलिटी शोचे स्पर्धक असतात आणि जुन्या संगीतकारांच्या आठवणी असतात. आठवणींना आमची हरकत नाही. पण त्याच काळात अमरावतीचा ‘१००आरबीएच’ रॅप करून देशभर पोचला, ‘अभंग रिपोस्ट’ने अभंगाला गिटार-ड्रम्सची जोड दिली, जळगावकडचा संजू राठोड २०२४ मध्ये लग्नाच्या मांडवापासून रील्सपर्यंत सगळीकडे वाजला आणि त्याच वर्षी क्रेटेक्स व श्रेयस यांचं मराठी हाऊस (नाचायच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्याचं) गाणं ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ या डच कंपनीने काढलं. ही नावं गाजल्यावर आपल्यापर्यंत आली. आमचं पत्र गाजायच्या आधीच्या नावांबद्दल आहे. ज्यांच्या व्हिडिओखाली आज तीनशे व्ह्यूज आहेत, त्यांना शोधायचं कसं आणि त्यात वर्तमानपत्राने काय करायचं, एवढंच.

गाण्यांचा तुटवडा नाही. अडचण अशी की फोन जे पुढे करेल तेच आपण ऐकतो, आणि फोन पुढे करतो ते आधीच पुष्कळांनी ऐकलेलं. यूट्यूबने जुलै २०२५ मध्ये ‘ट्रेंडिंग’चं पान बंद करायला घेतलं आणि लोकांना चार्ट्सकडे, म्हणजे सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या याद्यांकडे, वळवलं. चार्टमध्ये शिरायचं तर आधी लाखोंनी ऐकलेलं असावं लागतं, म्हणजे तिथे नवखा भेटणारच नाही. त्यातून घरातल्या टीव्हीवर सगळ्यांचं मिळून एकच खातं असलं की विचारायलाच नको. नातवाची बडबडगीतं आणि हळदीची डीजे प्लेलिस्ट एकाच हिस्टरीत जमा होतात आणि शिफारशींची पार खिचडी होते. गाणी शोधायला वेगळी प्रोफाइल काढावी. तेवढं नको असेल तर पाहुणे यायच्या आधी ‘पॉज वॉच हिस्टरी’ चालू करून ठेवावं.

आधी वार पक्का करू. १० जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे, आणि गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर ती स्ट्रीमिंग अॅप्सवर दिसू लागतात. स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ ही यादी म्हणूनच शुक्रवारी बदलते, ‘डिस्कव्हर वीकली’ सोमवारी. यूट्यूब म्युझिकवर ‘डिस्कव्हर मिक्स’ बुधवारी आणि ‘न्यू रिलीज मिक्स’ बहुधा शुक्रवारी. नव्यासाठी उपयोगी आहे ती शुक्रवारची यादी. सोमवारच्या आणि बुधवारच्या यादीत जुनंही असतं, फक्त ते तुम्ही ऐकलेलं नसतं. आता गाण्याला बदाम देणं आणि कलाकाराला ‘फॉलो’ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘रिलीज रडार’ मुख्यतः फॉलो केलेल्या कलाकारांवर चालते. शेकडो गाण्यांना बदाम देऊन ठेवलेत, पण फॉलो कोणालाच नाही, तर त्या यादीत मोठ्या नावांचीच भरती होते आणि लोक म्हणतात, यादी टाकाऊ आहे.

व्हिडिओ मात्र शुक्रवार पाळतीलच असं नाही. गाणं आधी, व्हिडिओ आठ-पंधरा दिवसांनी, असं पुष्कळदा होतं. छायाचित्रण, संकलन, रंगसुधारणा मित्रमंडळींकडून फावल्या वेळात करून घेतलेली असते, मग उशीर हा होणारच.

यूट्यूबवर ‘नवीन मराठी गाणी’ असं टाकून शोधलं तर समोर येतात ज्यूकबॉक्स (अनेक गाणी जोडून केलेले लांबलचक व्हिडिओ), ‘नॉनस्टॉप’ आणि दुसऱ्यांची गाणी उचलून चढवणारे चॅनल. शोध घेतला की फिल्टर उघडून अपलोडची तारीख ‘या आठवड्यात’ किंवा ‘या महिन्यात’ करावी आणि कालावधीची मधली पायरी निवडावी. त्याने एका बाजूने शॉर्ट्स गळतात, दुसऱ्या बाजूने तासाभराचे ज्यूकबॉक्स. शोधाचा शब्द शैली आणि गाव यांचा मिळून करावा: ‘मराठी रॅप नाशिक’, ‘मराठी फोक रॉक’, ‘अहिराणी रॅप’. सगळ्यात जास्त घोळ होतो तो लिपीचा. गाण्याचं नाव ‘पाऊस’ असेल तर रोमन लिपीत त्याची स्पेलिंगं तीन-चार प्रकारची होतात. कलाकाराने त्यातलं एकच लिहिलेलं असतं आणि देवनागरी तर बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. म्हणून एकच शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावा. व्हिडिओ नाहीच असं ठरवायच्या आधी एवढं जरूर करावं.

आता खरी खाण. व्हिडिओखालची माहिती, जी ‘मोअर’वर बोट ठेवल्याशिवाय उघडत नाही. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला कागद असायचा, ज्यावर तबला कोणाचा, ध्वनिमुद्रण कोणाचं हे बारीक अक्षरात छापलेलं असे, त्याची जागा आता या चौकटीने घेतली आहे. कलाकाराचं गाणं सगळ्या अॅप्सवर पोचवणारी कंपनी म्हणजे वितरक. त्याच्यामार्फत आपोआप चढलेल्या गाण्याखाली मजकूर ठरलेला असतो. पहिली ओळ ‘प्रोव्हायडेड टू यूट्यूब बाय’ आणि पुढे वितरकाचं नाव: डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी, बिलीव्ह असं काही. मग गाण्याचं आणि कलाकाराचं नाव. मग वर्तुळातलं इंग्रजी ‘पी’ आणि त्यापुढे ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं नाव. मग ‘रिलीज्ड ऑन’ म्हणून तारीख, दिलेली असेल तर संगीतकार-गीतकारांची नावं, आणि शेवटी ‘ऑटो-जनरेटेड बाय यूट्यूब’.

यातली वर्तुळातल्या ‘पी’ची ओळ नीट वाचावी. तिथे कलाकाराचंच नाव असेल तर गाण्याचा मालक तो स्वतः आहे. एक लांबलचक क्रमांक आणि पुढे ‘रेकॉर्ड्स डीके’ असं काही दिसलं तर गोंधळू नये. डिस्ट्रोकिडची सगळ्यात स्वस्त योजना घेणाऱ्याला लेबलचं (गाणं काढणाऱ्या कंपनीचं) नाव स्वतःचं ठेवता येत नाही, तेव्हा असा क्रमांक पडतो. म्हणजे माणूस अगदी स्वतःच्या खिशातून काम करतोय याची ती खूणच समजा. याउलट शीर्षकात ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, असं लिहिलेलं आणि ‘पी’पुढे मोठ्या संगीत कंपनीचं नाव, असंही आढळतं. गाणं त्याने वाईट ठरत नाही, पण ते ‘स्वतंत्र’च्या यादीत घालू नये. तारखेचीही एक गंमत आहे. वितरक बदलला की जुनंच गाणं नव्या तारखेने चढू शकतं. म्हणून ‘नवं’ म्हणण्याआधी कलाकाराच्या स्वतःच्या चॅनलवर जाऊन त्याच गाण्याची सगळ्यात जुनी तारीख पाहून घ्यावी.

अशा आपोआप चढलेल्या गाण्यांच्या चॅनलच्या नावापुढे ‘टॉपिक’ असा शब्द असतो आणि पडद्यावर फक्त मुखपृष्ठाचं स्थिर चित्र. हा चॅनल कलाकार चालवत नाही. पुष्कळ जण तिथेच सबस्क्राइब करतात आणि मग व्हिडिओ येत नाहीत म्हणून तक्रार करतात. कलाकाराचा खरा चॅनल नावापुढच्या संगीताच्या खुणेवरून ओळखता येतो. ती खूण अजून मिळाली नसेल, आणि नवख्यांना ती बहुधा नसतेच, तर त्याच्या इन्स्टाग्राम खात्यातल्या दुव्यावरून यूट्यूबवर जावं. थेट शोधात जाऊ नये, कारण एकाच नावाचे तीन-तीन गायक निघतात. स्पॉटिफायवर तर एकाचं गाणं दुसऱ्याच्याच पानावर जाऊन बसतं. वितरकाने नाव जुळवताना गफलत केली की हे घडतं. मुखपृष्ठाची शैली, भाषा आणि ‘पी’ची ओळ या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच.

एक नाव हाती लागलं की पुढची दहा नावं त्यातूनच निघतात. गायकाच्या मागे न लागता संगीत-संयोजक, मिक्सिंग करणारा, दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांच्या मागे लागावं. संजू राठोडच्या गाण्यांखाली ‘जी-स्पार्क’ हे नाव वाचलं की त्या नावाची इतर कामं शोधायची. ‘स्वदेसी’ हा मुंबईचा बहुभाषिक हिप-हॉप गट घ्या. एमसी मवालीचं मराठी आणि २०२२ मध्ये गेलेल्या एमसी तोडफोडचं गुजराती त्यात शेजारी शेजारी ऐकू येतं. त्यांचं काम दिल्लीच्या ‘आझादी रेकॉर्ड्स’ने काढलं. त्या लेबलची यादी उघडली की दिल्लीचे सीधे मौत आणि प्रभ दीप, श्रीनगरचा अहमेर अशी माणसं भेटत जातात. स्पॉटिफायवर गाण्यापुढच्या तीन टिंबांवर ‘व्ह्यू क्रेडिट्स’ आहे, तिथूनही हेच करता येतं. कलाकाराच्या पानावर तळाशी ‘अपिअर्स ऑन’ असतं, म्हणजे तो पाहुणा म्हणून कुठे गायला. तेही सोडू नये.

स्पॉटिफायवरच्या ‘फॅन्स ऑल्सो लाइक’ या रकान्यावर मात्र नवख्यांच्या बाबतीत फार विसंबू नये. दोन कलाकारांचे समाईक श्रोते मोजून तो बनतो. श्रोतेच शे-दीडशे असतील तर तो रिकामा राहतो किंवा कलाकाराच्या नात्यागोत्यातल्यांची आवड दाखवतो. एका लोकगायकाच्या शेजारी तीन भक्तिसंगीत मंडळं आणि एक पंजाबी पॉप असा संच दिसला तर नवल वाटून घेऊ नये.

सबस्क्राइब केलं तरी व्हिडिओ आल्याचं कळत नाही, ही नेहमीची रड. घंटीवर ‘ऑल’, ‘पर्सनलाइज्ड’ आणि ‘नन’ असे पर्याय असतात आणि आपोआप निवडलं जातं ते मधलं. म्हणजे कळवायचं की नाही हे यूट्यूब ठरवणार. ते ‘ऑल’ करावं आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूट्यूबच्या सूचना बंद नाहीत ना, हे पाहावं. त्यापेक्षा भरवशाचं म्हणजे ‘सबस्क्रिप्शन्स’चं पान, कारण तिथे मुख्य क्रम तारखेचा असतो. पन्नास-साठ चॅनल झाले की तेही हाताबाहेर जातं. मग फीड रीडर, म्हणजे निवडलेल्या ठिकाणांवरच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारं अॅप, वापरावा. प्रत्येक यूट्यूब चॅनलला स्वतःचं आरएसएस फीड, म्हणजे अशा अॅपला वाचता येणारी नव्या व्हिडिओंची यादी, असतं. फीडली किंवा इनोरीडरमध्ये चॅनलचा पत्ता चिकटवला की बहुधा ते आपोआप सापडतं. नाही सापडलं तर चॅनलच्या माहितीत ‘शेअर’खाली चॅनल आयडी मिळतो, ‘यूसी’ने सुरू होणारा चोवीस अक्षरांचा, तो द्यावा. फीडमध्ये शेवटचे पंधराच व्हिडिओ असतात आणि शॉर्ट्सही त्यातच मोजले जातात. गाण्याच्या जाहिरातीसाठी रोज तीन शॉर्ट्स टाकणाऱ्याचा मूळ व्हिडिओ पाच-सहा दिवसांत त्यातून बाहेर पडतो. म्हणून चॅनल लवकर जोडून ठेवावा. रीडरने एकदा उचललेली नोंद त्याच्याकडे राहते.

रीलवर तुकडा ऐकला आणि गाणं हवंय, तर रीलच्या तळाशी असलेल्या आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवावं. तिथे कलाकार आणि गाणं यांची नावं असली तर प्रश्न मिटला. ‘ओरिजिनल ऑडिओ’ असं दिसलं तर तो कोणी स्वतः चढवलेला आवाज असतो, पुष्कळदा दुसऱ्याच्या गाण्याची गती वाढवून. शझॅम या गाणं ऐकून ओळखणाऱ्या अॅपने गाणं ओळखलं नाही म्हणजे ते अस्तित्वात नाही असं नव्हे. शझॅम आपल्या साठ्यातल्या ध्वनिमुद्रणाशी जुळवून पाहतो. गाणं अजून प्रसिद्ध झालेलं नसेल किंवा कार्यक्रमात प्रत्यक्ष गायलेलं असेल तर जुळणार कशाशी? अशा वेळी ऐकू आलेले चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत, आणि कमेंट्स वाचाव्यात. तिथे कोणीतरी विचारलेलं असतंच आणि कधीकधी खुद्द कलाकाराने उत्तरही दिलेलं असतं.

व्ह्यूजच्या आकड्याने भुलू नये. जाहिरातीतून विकत घेतलेले व्ह्यूज यूट्यूबने सप्टेंबर २०१९ पासून संगीताच्या चार्टसाठी धरणं बंद केलं, पण व्हिडिओखालच्या आकड्यात ते दिसतात. चार लाख व्ह्यूज आणि कमेंट्स अकरा, त्याही नुसत्या इमोजींच्या, तर समजून घ्यावं. नवा धोका कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२५ मध्ये ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाच्या बँडला स्पॉटिफायवर दहा लाखांवर मासिक श्रोते मिळाले, आणि नंतर उघड झालं की गाणी यंत्राने बनवलेली आहेत, बँड नाहीच. ओळखायचं तर प्रत्यक्ष कार्यक्रमाचा एखादा तरी व्हिडिओ आहे का, वादकांची नावं आहेत का, आणि महिन्यात दोन-दोन अल्बम तर येत नाहीत ना, हे पाहावं. नावं नसलेल्या गाण्याला आम्ही तरी यादीत घेत नाही. यात एखादा संकोची खराखुरा कलाकार मागे राहतो हे मान्य, पण दुसरा इलाज दिसत नाही.

फोनबाहेरही वाटा आहेत. संगीत महोत्सवाचं भित्तिपत्रक खालून वाचावं. ‘एनएच७ वीकेंडर’ पुण्यात २०१० मध्ये सुरू झाला, अरुणाचलचा झिरो महोत्सव २०१२ मध्ये, मुंबईतला लोलापलूझा २०२३ मध्ये. तिन्हीकडे मोठ्या अक्षरांतली नावं तिकिटं विकायला असतात, आणि तळाच्या दोन ओळींत पुढच्या चार-पाच वर्षांचे लोक असतात. त्या दोन ओळींतलं प्रत्येक नाव शोधावं. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो या महोत्सवातली ‘लाइव्हवायर’ ही बँडची स्पर्धा याच कामाची. कलाकाराकडून थेट गाणी विकत घ्यायच्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर शैलीप्रमाणेच शहराच्या नावानेही शोधता येतं. पुणे, मुंबई, गोवा यांचे टॅग लावून ‘नवे आधी’ असा क्रम करावा. ऐकायला उत्तम, पण विकत घेताना भारतीय श्रोता आणि भारतीय कलाकार अशी जोडी अडते. पेपाल या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले आणि बँडकॅम्प विक्रेत्याला पैसे पेपालनेच देतं. अशा वेळी कलाकाराला संदेश पाठवून यूपीआयने पैसे द्यावेत, फाइल ई-मेलने येते.

फॉलो आणि सबस्क्राइब करण्यावर एवढा भर का, तर नवख्याचं गणित तिथेच अडतं. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं (किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज). स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा मोबदला शून्य. आठशे सबस्क्राइबरवर अडकलेल्या कलाकाराला आपल्या दैनिकाच्या एका जिल्हा आवृत्तीचे दोनशे वाचक पुरतात.

आणि म्हणून, संपादक महोदय, आमची मागणी. रविवारच्या पुरवणीत बारा ओळींची चौकट द्या. त्या आठवड्यात आलेली चार स्वतंत्र गाणी, प्रत्येकाला तीन ओळी. गाण्याचं नाव देवनागरीत, आणि कलाकाराने लिहिलंय तसंच्या तसं रोमनमध्ये. चॅनलचं नेमकं नाव, तारीख, लांबी, गाव. गीतकार, संगीतकार आणि व्हिडिओचा दिग्दर्शक. विशेषणं नकोत, ‘आश्वासक’ आणि ‘ताज्या दमाचा’ यांना तर या चौकटीत मज्जावच असावा. पैसे घेऊन नाव घालायचं नाही, आणि वर्तुळातल्या ‘पी’ची ओळ पाहिल्याशिवायही घालायचं नाही. क्यूआर कोड छापणार असाल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि बारीक चौकटी एकमेकींत मिसळतात. दुवा आखूड ठेवला की चौकटी कमी आणि मोठ्या पडतात. तरीही रोमन नाव हवंच, कारण ई-पेपर फोनवर वाचणाऱ्याला त्याच फोनने कोड टिपता येत नाही.

गाणी शुक्रवारी येतात आणि पुरवणीची पानं बहुधा त्याआधीच लागलेली असतात, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणजे आदल्या शुक्रवार ते गुरुवार असा आठवडा धरावा. शुक्रवारचं गाणं वाचक नऊ दिवसांनी ऐकेल, त्याने काही बिघडत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या कलाकारांनाही दोन शब्द. ‘मोअर’च्या आधी व्हिडिओखालच्या मजकुराच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. तिथे ‘सबस्क्राइब करा, शेअर करा’ न लिहिता गीत, संगीत, वादक आणि गाव लिहा. शीर्षक दोन्ही लिप्यांत द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवा, त्याहून उशीर झाला तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये येण्याची हमी राहत नाही. आणि वितरकाच्या अर्जात गीतकाराचा रकाना रिकामा सोडू नका. तो नंतर भरायचा तर वितरकाशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

कळावे,
आपले,
स्वतंत्र संगीताचे काही श्रोते, पुणे